आमच्या गाडीला मोरी आहे!

गेल्या वर्षी जानेवारीत मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर खडूने एक गाडी आखली. सव्वादहा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. शाळेतले उरलेले खडू, शिवणाची टेप आणि मुलाची लाकडी पट्टी, एवढीच हत्यारं. मग सासूबाईंना वर बोलावलं आणि म्हटलं, "आई, इथे जरा आडव्या होऊन बघा बरं." गहू वाळत घालायला आलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाई मात्र गंभीरपणे चटईवर आडव्या झाल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "पाय पुरतात गं. पण ती मोरी डोक्याशी नको, पायाशी कर."

हे मोरीचं प्रकरण आधी सांगते, कारण आमच्या गाडीची सगळी कथा तिथूनच सुरू होते.

मैत्रिणींनो, लांबच्या प्रवासाला निघताना आपण बायका काय करतो? आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. सकाळचा चहा अर्धा कप. वाटेत बस थांबली तर पुरुष मंडळी आडोशाला जाऊन येतात आणि आपण "मला नाही जायचं" म्हणत बसून राहतो. सासूबाईंनी हे आयुष्यभर केलं. चार वर्षांपूर्वी सोलापूरला एका लग्नाला बसने गेल्या तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. जवळजवळ नऊ तास पाणी नाही. परत आल्या त्या थंडी-तापाने कुडकुडतच. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आणि पाच दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, "आजी, पाणी तोडलंत त्याचं हे फळ." तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "तुम्ही जा, मी घर सांभाळते."

त्यांची इच्छा एवढीशीच होती. देवीच्या साडेतीन पीठांपैकी कोल्हापूर आणि तुळजापूर सासरे असताना झालं होतं. माहूर आणि वणी राहिली होती. चारही एका फेरीत करावीत, असं त्या पूर्वी बोलून दाखवत. आजारपणानंतर तेही बोलेनाशा झाल्या.

इकडे यांना वेगळंच वेड लागलं होतं. डोंबिवली ते ठाणे लोकलने उभ्याने जाणारा माणूस फोनवर बघायचा काय, तर परदेशातले लोक व्हॅनमध्ये संसार थाटून महिनोन् महिने फिरतात ते! जर्मनीत १९५१ सालापासूनच फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग-कपाटं बसवून देत असत, हे मला यांच्याकडूनच कळलं. आपल्याकडे त्या तोडीची गाडी म्हणजे मॅटाडोर. बजाज टेम्पो कंपनीची. आमच्या लहानपणी वऱ्हाड त्यातूनच जायचं. त्याच कंपनीने १९८७ साली ट्रॅव्हलर आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी अशी बारा आसनी जुनी गाडी यांनी हेरली. किंमत पावणेपाच लाख.

यांनी कागदावर काढलेला आराखडा मी पाहिला. त्यात टीव्ही होता, गाण्यांचे चार स्पीकर होते, घडीचं टेबल होतं. मी विचारलं, "आणि मोरी?" तर म्हणे, "पेट्रोल पंप असतात की!" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गच्चीवर गेले.

कागद आधी, सुतार नंतर

आमची मोठी चूक इथेच झाली. गाडी घरी आली आणि उत्साहाच्या भरात आम्ही ओळखीच्या सुताराकडून आसनं काढून प्लायवूडचे पलंग ठोकून घेतले. अठ्ठावीस हजार रुपये गेले. मग माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान आले. ते वाहनांच्या कागदपत्रांतले जाणकार. त्यांनी आत डोकावलं आणि म्हणाले, "वहिनी, हे असं रस्त्यावर काढू नका."

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत आपल्या मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बारा आसनांची गाडी चार आसनांची करणं हा साधासुधा बदल नव्हे. म्हणून कॅम्पर करता येतच नाही असं नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार सरकारच्या २००४ सालच्या वाहनांच्या यादीत आहे. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याप्रमाणे आराखडे तपासून मंजूर करतात. तेव्हा मंजूर आराखडा हाती असलेल्या कारखान्याकडूनच काम करून घ्यावं आणि मग आरटीओत नोंदणीपत्रावर तशी नोंद करून घ्यावी. आमची गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याच्या वाहतुकीची होती. तिचं परमिट परत करणं, करातला फरक भरणं, पांढरी पाटी घेणं हे आणखी वेगळं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवायचा. न कळवता अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी त्यांना बोट दाखवायला जागा मिळते.

सुताराचे पलंग निघाले. त्यातल्या प्लायवूडची मी घरात चप्पल-स्टँड आणि पुस्तकांची फळी करून घेतली, तेवढीच मनाची समजूत. गाडी पुण्याजवळच्या एका कारखान्यात गेली. दोन महिने सांगितले होते, चार लागले. खर्च साडेपाच लाखांच्या पुढे. सासूबाईंनी त्यांची एक ठेव मोडून दिली. मी नको म्हणत होते, पण त्या म्हणाल्या, "मोरीचे पैसे माझे."

आत काय आहे?

चालकाशेजारचं धरून चार आसनं, चारांनाही पट्टे. गाडी चालू असताना पलंगावर कोणी झोपायचं नाही, हा नियम मुलांना फार जाचक वाटतो. पण करकचून ब्रेक लागला की झोपलेलं माणूस सरळ पुढे फेकलं जातं. मागच्या बाजूला आडवा पलंग. त्यावर सासूबाई आणि धाकटी. दोघी ठेंगण्या, म्हणून आडव्या रुंदीत मावतात. मधल्या दोन बाकांची रात्री जोडून गादी होते. मुलगा घडीच्या कॉटवर, वाटेत. रात्री कोणी उठलं की आधी त्याला उठवावं लागतं, हा दोष राहिलाच.

मोरी अडीच फूट बाय सव्वादोन फूट. त्यात सुटा कमोड. त्याचं खालचं भांडं झाकणासकट वेगळं निघतं आणि त्यात वास मारणारं औषध घालतात. ते रिकामं करायचं ते शौचालयातच. शेतात, ओढ्यात, नदीत मुळीच नाही. शक्यतो रोज करावं. दोन दिवस ठेवलंत तर औषधही हात टेकतं. हाताशी धरायला एक दांडी लावून घेतली आहे. गुडघेदुखी असलेलं माणूस घरात असेल तर टीव्ही नसला तरी चालेल, ही दांडी विसरू नका.

पाण्याची टाकी साठ लिटरची. म्हणजे भरल्यावर साठ किलो! आपण घागरी उचलणाऱ्या, आपल्याला हे कळतं, पण गाडी आखताना पुरुषांच्या लक्षात येत नाही. टाकी खाली आणि मधोमध हवी. टपावर ठेवली तर घाटाच्या वळणावर गाडी झुकते. निघण्यापूर्वी सगळं सामान भरून, सगळे आत बसून, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर गाडी चढवली. नोंदणीपत्रातल्या मर्यादेपेक्षा फक्त नव्वद किलो कमी भरली! लगेच माझा पाटा, बीडाचा तवा आणि यांची खुर्ची घरी परतली.

छताच्या पत्र्याखाली ऊन अडवायला थर्माकोल भरू नका. कोणी स्वस्त म्हणून सुचवतं, पण तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी. आम्ही रबरासारखा काळा नायट्राइल फोम लावून घेतला.

आता वीज. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी, नाहीतर रात्रभर पंखा फिरवून सकाळी गाडी ढकलायची वेळ येते. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी कागदावर बाराशे वॅट-तास देते, पण टिकायला हवी असेल तर निम्मीच वापरावी. दोन छोटे पंखे आणि दिवे यांना रात्रभर साडेतीनशेच्या आसपास लागतात, म्हणजे भागतं. दिवसा टपावरचं सौर तावदान भर घालतं. मिक्सर मात्र घरीच. त्याच्याबरोबर लागणारा इन्व्हर्टर, जाड तारा हे सगळं चटणीसाठी? मी छोटा खलबत्ता घेतला.

गॅसबद्दल चार शब्द जास्तच लिहिते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, बाहेर उघडणारी जाळी हवी आणि ते कपाट आतल्या बाजूने बंद हवं. आम्ही पाच किलोचं छोटं सिलिंडर नेतो. गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, हे मी स्वतः हात लावून बघते. शेगडी पेटली की दार आणि खिडकी उघडी. थंडीत ऊब म्हणून शेगडी किंवा कोळसे पेटवून गाडी बंद करून कधीही झोपू नये. एसीसाठी इंजिन चालू ठेवूनही झोपू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही.

माळशेजला एक रात्र

मोठ्या फेरीआधी रंगीत तालीम म्हणून कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून ओतूरपर्यंत गेलो. एका पेट्रोल पंपाच्या मालकांना विचारून, उजेडात, ट्रकांच्या रांगेच्या कडेला गाडी लावली. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवावं, निघायची वेळ आली तर मागेपुढे करावं लागत नाही. त्या रात्री कपाटाचं दार दोनदा उघडून डबे पडले, डासांची जाळी एका बाजूने सैल निघाली, आणि मी पिठलं-भात करून, भांडी घासून, अंथरुणं घालेपर्यंत साडेदहा वाजले. बाकी सगळे चांदणं बघत होते. मला रडूच आलं. घरची चूल उचलून घाटावर आणली, एवढाच काय तो माझा प्रवास!

तेव्हा तिथेच वहीचं पान फाडून करार लिहिला. कमोड आणि सांडपाण्याचा कॅन यांच्याकडे. भांडी मुलाकडे. अंथरुणं धाकटीकडे. स्वयंपाक एकच वेळ, तोही एका कुकरमध्ये होईल तेवढाच. दुसऱ्या वेळी जिथे असू तिथलं जेवण. भाजी निवडणं आणि सर्वांवर लक्ष ठेवणं सासूबाईंकडे. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पहिल्या दिवशी कमोड रिकामा करून आल्यावर यांनी जेवण नको म्हटलं. चौथ्या दिवसापासून शिट्टी वाजवत करू लागले.

पण त्या रात्रीची खरी गोष्ट वेगळीच. दोनच्या सुमारास मला जाग आली. सासूबाई दांडी धरून मोरीतून बाहेर येत होत्या. परत पलंगावर बसल्या, उशाचा तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. प्रवासात त्यांना असं पाणी पिताना मी लग्नाच्या चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी जागी आहे हे बघून म्हणाल्या, "झोप गं. लागलं तर पुन्हा उठेन मी, मुलाला ओलांडून."

दिवाळीनंतर, नवरात्राची गर्दी ओसरल्यावर, आम्ही मोठी फेरी केली. सुट्टीला जोडून मी आठवडाभराची बिनपगारी रजा घेतली. तासिकेवर काम करणाऱ्या बाईला तेवढं एक सुख असतं! अठरा दिवस, अठराशे किलोमीटरच्या वर. वणीला गडावर आता रुळांवरून चालणारी ट्रॉली आहे, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या चुकल्या. नांदेड जिल्ह्यातलं माहूर फार लांब, रस्ता लांबता लांबेना. रेणुकेच्या पायऱ्या मात्र त्यांनी बसत बसत स्वतःच चढल्या. रात्री भक्तनिवासाच्या आवारात किंवा पंपावर, नेहमी विचारून मुक्काम केला. एके ठिकाणी साफ नकार मिळाला आणि अंधारात आणखी चाळीस किलोमीटर जावं लागलं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण रोजचा मुक्काम आम्ही आमचाच शोधला. दुपारी चारला शोध सुरू करावा, सहा वाजायची वाट बघू नये. रोज नळ दिसला की टाकी भरायची. अंघोळ एका बादलीत दोघांची.

तुळजापूरला शेजारच्या बसमधून उतरलेल्या एक आजी मोरीचं दार बघून थबकल्या. सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं. मग त्यांची जाऊ आली, मग त्यांच्या पुतण्याची बायको. हे संध्याकाळी भांडं उचलायला गेले आणि मला हाका मारू लागले, "अगं, हे इतकं जड कसं झालं आज?"