रक्त पोचत नाही, म्हणून गादी कापायची?

गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली की घरोघरी एकच ऐकायला मिळतं : आतल्या भागाला रक्त नसतं, तिथे टाके टिकत नाहीत, तुकडा काढून टाकलेला बरा. यातली रक्ताची गोष्ट खरी आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या बाहेरच्या कडेपासून जेमतेम १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत जातात. आर्नोक्स्की आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. आतला भाग सांध्यातल्या द्रवावर पोसला जातो. पण म्हणून तिथली फाट कधीच जुळत नाही, हे चूक.

रक्त तिथवर नेता येतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना सर्जन कानशीसारख्या अवजाराने फाटीच्या कडा आणि शेजारचं अस्तर खरवडतात. आणखी एक युक्ती तर फार सुंदर आहे. रुग्णाच्याच शिरेतलं रक्त भांड्यात घेऊन कांडीने ढवळत राहायचं; काही मिनिटांत कांडीला चिवट गुठळी धरते. ती फाटीत बसवायची आणि टाके आवळायचे. काही सर्जन मांडीच्या हाडाला बारीक भोकं पाडून अस्थिमज्जा सांध्यात झिरपू देतात.

‘तुकडा काढला तर काय बिघडतं?’ बरंच बिघडतं. गादी गेली की तिच्यावरचा भार थेट हाडांवरच्या कूर्चेवर येतो. अशा गुडघ्यांच्या एक्स-रेत सांध्यातली फट कमी झालेली फेअरबँक यांनी १९४८ मध्येच नोंदवली होती. म्हणून तरुण रुग्णाची ताजी, उभी फाट शिवण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं. आतल्या भागातले टाके बाहेरच्यापेक्षा जास्त वेळा निकामी होतात आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हे मात्र आधी सांगितलं पाहिजे.

एमआरआयमध्ये फाट दिसली म्हणजे ऑपरेशन, हाही गैरसमजच. वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीत आधी व्यायाम. फिनलंडमधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तुकडा काढलेले रुग्ण आणि नुसती लुटुपुटूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यात वर्षभरानंतर फरक आढळला नाही. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र थांबू नये.

टाक्यांनंतर चार दिवसांत चालायला लागू, ही अपेक्षाही सोडावी. तुकडा काढलेला माणूस लवकर हिंडूफिरू लागतो, म्हणून तो मार्ग मोहाचा वाटतो. टाके घातले की काही आठवडे कुबड्या आणि पट्टा. उकिडवं बसणं, मांडी घालणं आणि खेळ काही महिने बंद.