टणक झालेले रेझिन आणि पक्के झालेले रेझिन

फायबरग्लासचा कयाक म्हणजे काचेच्या कापडाचे काही थर आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. ताण सोसते ते कापड. पण धागे जागच्या जागी राखणे, भार एका थराकडून दुसऱ्याकडे पोचवणे आणि पाणी बाहेर ठेवणे ही कामे रेझिनची. रेझिन रंगासारखे वाळत नाही. स्लॅबमधल्या सिमेंटप्रमाणे ते रासायनिक क्रियेने घट्ट होते. सुटे रेणू एकमेकांना जोडून जाळे बनते आणि ते पुन्हा वितळत नाही.

स्वस्त कयाकमध्ये पॉलिएस्टर रेझिन असते. त्यात 1 ते 2 टक्के कॅटॅलिस्ट घातला की स्टायरीनचे रेणू पॉलिएस्टरच्या साखळ्यांना सांधत जातात. कॅटॅलिस्टचे काम क्रिया सुरू करून देण्याचे, त्यामुळे हवामान पाहून त्याचे प्रमाण थोडे कमी-जास्त करता येते. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनमध्ये ही मुभा नाही. तिथला हार्डनर स्वतःच जाळ्याचा भाग होतो. लवकर सेट व्हावे म्हणून तो जास्त ओतला, तर जोडीदार न मिळालेले रेणू आत उरतात आणि सांधा कायमचा कच्चा राहतो.

रात्रभरात इपॉक्सी नखाला लागणार नाही इतके टणक होते, आणि फसगत होते ती इथेच. जाळे दाट होत गेले की उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही आणि क्रिया अर्धवट मंदावते. साध्या तापमानाला घट्ट झालेली बरीच इपॉक्सी 50-60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. गडद रंगाचा कयाक मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या टपावर करकचून बांधला, तर पट्ट्याखाली खळगा पडतो तो यामुळेच. म्हणून चांगले कारागीर सेट झालेला कयाक काही तास उबेत ठेवतात. त्या उबेत राहिलेले दुवे जुळतात. पॉलिएस्टर कच्चे राहिले, तर स्टायरीनचा वास रेंगाळतो आणि पुढे पाणी मुरून जेलकोटखाली, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, फोड येण्याची शक्यता वाढते.

दुरुस्तीची अडचणही यातूनच येते. ताज्या थरावर दुसरा थर दिला तर दोघांचे जाळे एक होते. जुन्या कयाकचे रेझिन पक्के झालेले असल्याने जोडायला मोकळे रेणू फारसे उरलेले नसतात. ठिगळ धरते ते मुख्यतः खरवडलेल्या पृष्ठभागाला चिकटून. त्यासाठी चिकटण्याचे क्षेत्र वाढवावे लागते. भोकाभोवतीची कड जाडीच्या साधारण 12 पट रुंद उतारात घासतात, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीला 24 मिलिमीटर. पॉलिएस्टरच्या कयाकवर इपॉक्सीचे ठिगळ उत्तम बसते. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचे मात्र भरवशाचे नाही, आणि साधा जेलकोट पॉलिएस्टरच्याच जातीचा असतो, हे ठिगळाचे रेझिन निवडतानाच पाहावे.

दमट हवेत अनेक इपॉक्सींवर मेणचट थर येतो. कोकणात 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात फायबरच्या होड्या किनाऱ्यावर असतात, पण डागडुजीच्या या वेळी हवा नेमकी अशीच दमट असते. हा मेणचट थर आधी साध्या पाण्याने धुवावा लागतो. थेट पॉलिश पेपर मारला तर तो पसरतो आणि पुढचा थर सुटतो. धुऊन-वाळवून घासताना कोरडी पांढरी पूड पडली तर पुढचे काम करायला हरकत नाही. कागदात चिकट गोळे अडकू लागले, तर आणखी एक-दोन दिवस थांबावे किंवा ऊब द्यावी.