बीदर ते बंगळूर : निव्वळ वजन आणि बारदान

अंतर किती आणि वेळ किती, हे दोन प्रश्न व्यापाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेले असतात. माल केव्हा पोहोचेल हे ठाऊक असल्यावाचून शहाणा माणूस सौदा करीत नाही.

कर्नाटकास विमान नवे नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, ते पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासेस गेले. आमच्या मुडबीच्या मुलखात मात्र विमान ही दीर्घकाळ मान वर करून पाहावयाचीच वस्तू होती. 22 नोव्हेंबर 2019 रोजी कलबुर्गी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 7 फेब्रुवारी 2020 रोजी बीदरहून बंगळूरची नागरी सेवा सुरू झाली. पुढे ती मध्यंतरी बंदही पडली. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे श्रेयस्कर.

हवाई अंतराचा हिशेब सोपा आहे. बीदर उत्तर अक्षांश 17 अंश 54 कलांवर, तर बंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ 13 अंश 12 कलांवर आहे. रेखांश जवळजवळ एकच, त्यामुळे वाट सरळ दक्षिणेची. फरक 282 कलांचा. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे एक सागरी मैल. म्हणजेच अंतर सुमारे 520 किलोमीटर. रस्त्याने तेच सुमारे 700 भरते. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास चढउतार धरून सव्वा ते दीड तास पुरतो.

याच हिशेबाने आम्हांस फसविले. फेब्रुवारी 2020 मध्ये तुरीचा हंगाम ऐन भरात होता. बंगळूरास आमच्या थोरल्या ताई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. आम्ही म्हटले, "दीड तासाची तर वाट! आजचा लिलाव उरकून उद्या विमानाने जाऊ." रात्रीची मोटार सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी बीदर गाठण्यास दोन तास, तेथे तासभर आधी हजेरी, दीड तासाचे उड्डाण, सामान मिळेतो अर्धा तास, आणि देवनहळ्ळीहून गर्दीतून रुग्णालयापर्यंत आणखी दोन तास. एकूण सात तास झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. ताईंनी सकाळपर्यंत आमचे नाव घेतले होते. आता त्यांची वाचा गेली होती. हात हाती घेऊन बसलो, एवढेच घडले.

विमान वेळेवर होते. चूक आमच्या हिशेबाची होती. तुरीचे पोते तोलताना आपण बारदान वजा करतो. प्रवासात मात्र ते मिळवावे लागते. उड्डाणाचा वेळ हे निव्वळ वजन. घराच्या उंबऱ्यापासून त्या माणसाच्या उशापर्यंतचा वेळ हाच खरा.

व्यापारी बांधवांस व त्यांच्या कुटुंबीयांस आमची एवढीच विनंती की, आपल्या माणसासाठी निघावयाचे असेल, तेव्हा उद्यावर टाकावयाचा तो लिलाव टाकावा.