दोष मोटरच्या माथी

जुन्या गाडीचे वायपर कुंथत चालू लागले की पहिला बळी जातो मोटरचा. ‘मोटर गेली’ असं निदान होतं, नवी बसते आणि थोड्याच दिवसांत तीच रड पुन्हा सुरू होते. असं का होतं, ते ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या एमजीबीवरून नीट कळतं. या गाडीत मोटर वायपरच्या दांड्यांना थेट फिरवत नाही. ती एका नळीतून दातेरी, लवचीक केबल मागेपुढे सरकवते आणि ती केबल प्रत्येक दांड्याखालच्या डबीतलं छोटं दातेरी चाक हलवते. नळीतलं ग्रीस वर्षानुवर्षं सुकून मेणासारखं घट्ट होतं. मग मोटरची निम्मी ताकद काच पुसण्याआधीच खर्ची पडते.

म्हणून पैसे मोजण्याआधी परीक्षा घ्यावी. दांडे काढून, केबल मोटरपासून सोडवून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. दुरुस्ती-पुस्तिकेनुसार ती जास्तीत जास्त २.७ किलोच्या ओढीने सरकली पाहिजे. जड गेली तर नळी साफ करून नवं ग्रीस भरायचं. सहज सरकली तर मोटर चालू ठेवून तिच्यापर्यंत किती व्होल्टेज पोचतं ते मोजायचं. ते बॅटरीपेक्षा बरंच कमी भरलं, तर गंजलेलं अर्थिंग, फ्यूज किंवा स्विच यांच्याकडे वळायचं. दांडा लुळा पडत असेल, तर चाकाचे दाते झिजलेले असतात. पण चाक पूर्ण फिरत नसल्याने झीज एकाच बाजूला होते. ते अर्धा फेरा फिरवून बसवलं की कोरे दाते केबलला भिडतात आणि नव्या चाकाचा खर्च वाचतो.

‘एवढा खटाटोप कशाला? जास्त ताकदीची आधुनिक मोटर बसवा,’ असं कोणी म्हणेल. पण अडकलेल्या केबलवर ताकद वाढवली, तर भार दात्यांवर येतो आणि तेच आधी जातात. केबल मोकळी झाल्यावर नवी मोटर जरूर बसवावी. उलट टोकाचा आक्षेप अस्सलपणाच्या आग्रही मंडळींचा: मूळ भाग बदलायचाच नाही. रबराच्या बाबतीत हा हट्ट धोक्याचा आहे. ते गाडी उभी असतानाही कडक होतं आणि मग पाणी पुसण्याऐवजी फासतं. खुद्द कारखान्यानेही मूळ रचना पवित्र मानली नव्हती. काचेचा किती भाग पुसला जावा याचे अमेरिकेतले नियम आल्यावर, १९६८च्या मॉडेलपासून तिथे जाणाऱ्या उघड्या एमजीबीला दोनाऐवजी तीन वायपर आले. तेव्हा क्रम ठरवून घ्यावा: आधी रबर, मग ग्रीस, अर्थिंग, चाकं आणि सर्वांत शेवटी मोटर. स्वस्तातली कारणं आधी निकालात निघाली, तर मोटर बदलण्याची वेळ आलीच तरी तो अंदाज नसतो, सिद्ध झालेलं निदान असतं.