विकलेल्या मोटारसायकलींच्या आठवणी

मोटारसायकल ही लोखंडाची निर्जीव वस्तु. ती विकली, पैसे पदरांत पडले, म्हणजे तिचा व मालकाचा संबंध संपावयास हवा. परंतु अनुभव निराळा आहे. धाराशिव जिल्ह्यांत परांड्यापासून उमरग्यापर्यंत कोठेंही चहाच्या दुकानापुढें चार पोक्त स्वार जमले कीं दारांत उभ्या असलेल्या नव्या गाडीविषयीं बोलणें थोडें होतें. तीस वर्षांपूर्वीं विकलेल्या गाडीविषयीं मात्र तें सरत नाहीं. तिचा नंबर पाठ असतो, आवाज कानांत असतो, आणि ती कोणास व कां दिली हेंही ध्यानांत असतें. असें कां व्हावें?

पहिलें कारण या प्रदेशाच्या रचनेंत आहे. जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या डोंगररांगांवर पसरलेला. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्यें लातुरास पोहोंचली खरी, पण ती येडशी-तडवळ्यावरून. धाराशिव शहर बाजूस राहिलें. शहरास आगगाडी लाभली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, रुंद मार्ग झाल्यावर. एस. टी. चुकली तर पाय हेंच वाहन. अशा ठिकाणीं स्वतःची गाडी म्हणजे चैन नव्हती. दूधवाला, शिक्षक, डॉक्टर, धान्याचा व्यापारी यांचें काम तिच्यावर चाले, आणि रात्रीं-अपरात्रीं शेजाऱ्याचा आजारी माणूसही तिच्यावरूनच दवाखान्यांत जाई.

दुसरें कारण यंत्रांत आहे. मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेली बुलेट सोडल्यास जुन्या पिढीच्या बहुतेक गाड्या ‘टू-स्ट्रोक’ होत्या: म्हैसुरास १९६१ पासून निघूं लागलेली जावा, तिचाच पुढील अवतार येझ्दी, एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत, आणि १९७२ सालीं आलेल्या लूना व चेतक. अशा यंत्रांत वंगणाची निराळी कुंडी नसते. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दट्ट्याखालच्या पोकळींतूनच वर जातें. म्हणून तेल पेट्रोलांतच मिसळावें लागे. लिटरमागें साधारण वीस ते चाळीस मिलिलिटर. तें कमी पडलें तर दट्ट्या तापून जाम होई. अधिक पडलें तर प्लगवर काजळी धरून ठिणगी पडेनाशी होई. मग तुळजापूरच्या घाटांत गाडी कडेस घ्यावी, प्लग काढून काचकागदानें घासावा आणि पुन्हां किक मारावी. जावाची एकच दांडी किकही होई नि गिअरही. चेतक रुसली कीं तिला एका अंगास कलवावी लागे. दुसऱ्याच्या हातीं न चालणारी गाडी मालकाच्या एका किकेंत सुरू होई. जें हातानें सांभाळावें लागतें तें मनांत राहतें, हा साधा नियम आहे.

१९८५ सालीं हिरो होंडाची सी. डी. १०० आली. ती ‘फोर-स्ट्रोक’ असल्यानें तेल मिसळण्याची यातायात संपली व थोड्या पेट्रोलांत लांबचा पल्ला होऊं लागला. पेट्रोल भरा, झांकण लावा आणि विसरून जा, असाच तिच्या प्रसिद्ध जाहिरातीचा आशय होता. तो खरा ठरला. त्या जातीच्या गाड्यांनीं निमूट सेवा केली, आणि निमूट सेवा करणाराची आठवण लोक कमीच काढतात. त्याच वर्षीं आलेली यामाहाची आर. एक्स. १०० मात्र १९९६ मध्यें बंद होऊनही तरुणांच्या तोंडीं राहिली, ती वेगामुळें व आवाजामुळें.

तिसरें कारण संसाराचें आहे. खेड्यांत गाडी ही शिल्लक पुंजी असे. पाऊस गेला, मुलाची फी आली, मुलीचें लग्न ठरलें, कीं सोनें गहाण पडे किंवा गाडी विकली जाई. त्यामुळें गाडी ही कालगणनाही होते. ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर घेतली’, ‘भूकंपाच्या आदल्या वर्षीं दिली’, असें बोललें जातें. भूकंप म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ चा. गाडीची गोष्ट सांगतां सांगतां माणूस जें गमावलें व ज्यासाठीं गमावलें तें सांगून जातो. डोळ्यांत पाणी येतें तें पत्र्यासाठीं नव्हे.

अर्थात् स्मृति पक्षपाती असते. टू-स्ट्रोक यंत्रांतून न जळलेलें पेट्रोल व तेलाचा निळा धूर बाहेर पडे. कायद्यानें धुराचे नियम कडक केले तें योग्यच झालें. मागें बसून कपडे काळे करून घेणाऱ्या गृहिणीस विचारल्यास आठवणींचा रंग बदलेल. मात्र पायडलाच्या हलक्या लूनेनें कित्येक स्त्रियांस प्रथमच स्वतःच्या वेळेवर घराबाहेर पडतां आलें, हेंही त्याच सांगतील.

कारखानदारांनीं या जिव्हाळ्याचें मोल ओळखलें आहे. जावाचें नांव २०१८ मध्यें, विजेवर चालणाऱ्या चेतकचें २०२० मध्यें आणि येझ्दीचें २०२२ मध्यें बाजारांत परत आलें. पण नांव परत येतें. विकलेली गाडी परत येत नाहीं.

परत मिळवितां येते ती तिची हकिगत. ज्या घरीं असा जुना स्वार असेल तेथील मुलांनीं त्यास गाडीचें वर्ष, तिच्या वाटा आणि ती कां विकली हें विचारून वहींत उतरून ठेवावें. त्यांच्या शिक्षणाची फी बहुधा त्याच हिशेबांत सांपडेल.