दोन वाक्यांमधला क्षण

उज्जैनला काळ मोजायची जुनी सवय आहे. क्षिप्रेजवळची सवाई जयसिंगाची वेधशाळा मोडकळीला आली होती. १९२३ मध्ये तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती दुरुस्त करून घेतली, आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने तिचा कारभार पाहिला. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली सरकते आणि वेळ कळते. त्या यंत्राला न मोजता येणारा एक काळ मात्र शहरातल्या प्रत्येक पोह्यांच्या गाडीवर रोज येऊन जातो: एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा.

भाषाभ्यासक टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मोजला. जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्या दहांत मराठी नव्हती, माळवीही नव्हती. पण राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैनात रुळलेल्या मराठी घरांत डोकावलं तर ही लय ओळखू येते. नातू आजीशी मराठीत बोलतो, शाळेत हिंदीत, चौकात ‘भिया’ म्हणत माळव्याच्या ढंगात. शब्द बदलतात, आळीपाळी तीच. ती तर तो बोलायला लागण्याआधी, आईच्या मांडीवर हुंकार देताना शिकला.

खरी गोम पुढे आहे. एक साधा शब्द मनात जुळवून ओठांवर आणायला मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग उत्तर २०० मध्ये कसं येतं? समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य रचू लागतो. संभाषण त्यामुळेच वाहतं, आणि ऐकणं अर्धवट राहतं तेही बरेचदा त्यामुळेच.

कचेरीत सहकारी सांगते, ‘काल रजा घेतली, आईला दवाखान्यात न्यायचं होतं.’ आपण लगेच म्हणतो, ‘आमच्या आईचेही गुडघे फार दुखतात हो.’ यात दुष्टपणा नसतो, आपलं वाक्य आधीच तयार होतं इतकंच. ‘आता कशा आहेत त्या?’ हे विचारायला मात्र तिचं वाक्य पूर्ण ऐकावं लागतं. हार्वर्डच्या कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं: समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणारी माणसं अधिक आवडतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हस्तांदोलन आणि नजर यांवर तास खर्ची पडतात. माझ्या मते, हा एक प्रश्न शिकवला तरी पुष्कळ झालं.

लांबलेल्या क्षणालाही अर्थ असतो. होकार चटकन येतो, नकार रेंगाळतो. ‘जमेल ना?’ या प्रश्नानंतर अर्धा-पाऊण सेकंद शांतता पसरली, की पुढे ‘हो’ आलं तरी ऐकणाऱ्याला मन नसल्याचं जाणवतं.

तेव्हा उद्या कामावर कुणी ‘ठीक आहे’ म्हणण्याआधी किंचित थांबलं, तर फाईल उघडू नका. आणखी एकदा विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.