झोपेची बाटली आणि ट्रायलचा पट्टा



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या घरातली झोप उडते. तोड कधी येणार, टोळी मिळणार का, उसाचे बिल आणि सोसायटीचे कर्ज यांचा मेळ बसणार का, ही काळजी उशाशी असतेच. त्यात लाईट रात्रीची आली तर बॅटरी घेऊन बांधावर जायचे. अशा वेळी 'आठ दिवसांत गाढ झोप' म्हणून कुणी बाटली पुढे केली, तर माणूस घेणारच. गटात फिरताना आम्हाला अशा तीन-चार बाटल्या दिसल्या. एका सभासदाने तर बाटली आणली आणि डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळीच बंद केली. म्हणून हा लेख.

नवे खत आले की आपण काय विचारतो? "ट्रायल घेतली का? शेजारी बिनखताचा पट्टा ठेवला होता का?" औषधाचीही रीत तीच. निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला काय दिले हे घेणाऱ्याला कळू द्यायचे नाही. कारण नुसत्या भरवशानेही माणसाला बरे वाटते. उसाचे तसे नाही!

अश्वगंधेची अशी परीक्षा झाली आहे. २०१२ साली आपल्याच देशात ६४ लोकांवर ६० दिवस प्रयोग झाला. मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचा ताण दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरला. झोपेबाबतचे ५ प्रयोग, मिळून ४०० माणसे, २०२१ साली एकत्र तपासले गेले. फायदा दिसला, पण थोडा. आणि तोही ६०० मिलिग्रॅम व आठ आठवडे घेणाऱ्यांत अधिक. म्हणजे गुण आहे, चमत्कार नाही. शिवाय काही जणांना यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर बायांनी ती घेऊ नये. थायरॉईड, साखर किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी वस्तू मेलाटोनिन. अंधार पडला की हा रस आपल्या मेंदूतच तयार होतो. त्याच्या गोळ्यांचे १९ प्रयोग, १,६८३ माणसे, २०१३ साली एकत्र तपासली गेली. झोप सरासरी ७ मिनिटे लवकर लागली आणि ८ मिनिटे वाढली. सात मिनिटांसाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कॅनडात २०१७ साली अशी ३१ उत्पादने तपासली, तेव्हा काहींत लेबलावरच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी, तर काहींत चौपटीहून जास्त माल निघाला. काटा मारलेला आपल्याला वजनकाट्यावर चालत नाही, मग इथे का चालावा?

मग उपाय काय? जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली जो सांगितला, तो बाटलीतला नाही. तो सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. उठण्याची वेळ एकच ठेवावी. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसावे, तळमळत पडू नये. दुपारी लांब झोप काढू नये. रात्री बारी असेल तेव्हा हे जमणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण बाकीच्या रात्री तरी पाळावे.

आणि काळजी डोक्याबाहेर जाऊ लागली, जीव नकोसा वाटू लागला, तर गप्प बसू नका. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या नंबरावर रात्रंदिवस फुकट आहे. घरच्यांशी, शेजाऱ्याशी बोला. त्यात कमीपणा कसला?

चालू गोळी मनाने बंद करू नका. आणि पुढच्या वेळी कुणी बाटली पुढे केली, तर एवढेच विचारा: "बिनखताचा पट्टा ठेवला होता का?"